अपात्र ठरलेली नऊ मशीनं

मी सातवीत असताना आमच्या शेताच्या बांधाला खांड गेली. ज्यांनी खारेपाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध असतो, आणि उधाणाच्या भरतीला तो जिथे फुटतो त्या भगदाडाला खांड म्हणतात. पूर्वी खांड गेली की जोळ लागायची. ज्याची ज्याची जमीन त्या बांधाच्या आत, त्याच्या घरातलं एक माणूस फावडं घेऊन हजर. जो आला नाही, त्याला वर्षभर गावात मान खाली घालून चालावं लागायचं. आमच्या वेळेला फावडी घरोघरी होती, माणसं मात्र शिफ्टला होती. कोणी डोलवीला, कोणी धरमतरच्या जेट्टीवर, कोणी वडखळच्या नाक्यावर. बांधावर माझे वडील धरून चार जण उभे राहिले. चार माणसांचा मान राखून मागे फिरावं, असं काही भरतीला वाटलं नाही.

त्या शेतात पुढे तीन पावसाळे भात झाला नाही. उन्हाळ्यात जमीन मिठाने पांढरी दिसायची. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "मजा हाय तुमची, आता शेतातच जिताडा मिळेल." जिताडा, म्हणजे खाडीतला तो महागडा मासा, मिळाला नाही. मिळालं ते वडिलांना ठेकेदाराकडचं पिवळं हेल्मेट, आणि आईला पेणमधल्या एका घरगुती कारखान्यात पोह्याचे पापड लाटायचं काम. भाऊ नाही, बहीण नाही, मी एकटी. शाळेतून आले की दार उघडायची आणि स्वतःच स्वतःला "आलीस का" म्हणायची.

पुढे मी पेणच्या कॉलेजात बीएस्सी केलं, कॉम्प्युटर सायन्स. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी उगाच नम्रपणे सांगणार नाही, कारण ती मिळवताना मला कोणी नम्रपणे वागवलं नव्हतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला, रहिवासाचा दाखला. वडिलांचं उत्पन्न फार नाही, एवढी एक गोष्ट सरकारला पटवायला चार फेऱ्या. आमच्याकडे पाहून कोणालाही एका नजरेत कळत होतं, पण नजरेवर शिक्का मारता येत नाही. 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द मी अभ्यासक्रमात नाही, तहसील कचेरीच्या रांगेत शिकले.

पदवी मिळाल्यावर मी काय केलं? रोह्याला मावशीच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. तिथे पूर्वी तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. त्या खोलीत मी गेम खेळायची जागा काढली. रोज सकाळी पेणहून मेमू गाडी पकडायची आणि रोह्याला उतरायचं.

आईने ऐकलं तेव्हा तिच्या हातातला पापड लाटायचा थांबला. "बीएस्सी होऊन पोरांना खेळवणार? अंगणवाडीत बारावीवर घेतात गो!"

मशीनं कुठून आणली, हे महत्त्वाचं आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने ऑफिसचे जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिले. मी भंगारवाल्याकडे गेले, एकेक लावून पाहिला. नऊच्या नऊ सुरू झाले. मी विचारलं, "यांना झालंय काय?" तो म्हणाला, "काय नाय झाला. साहेब बोलला, नवीन सिस्टीम यांच्यावर चढत नाय." मला हसू आलं. चांगली चालणारी मशीनं निव्वळ नव्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हौसेपायी टाकून देतात, असे हे साहेब लोक! शिकलेल्यांच्या मूर्खपणावर मी माझं दुकान उभं केलं. प्रत्येकात जुनं पण धडधाकट ग्राफिक कार्ड टाकलं. तीच सिस्टीम आपल्यालाही कधीतरी विचारणार आहे, हा विचार माझ्या पदवीधर डोक्यात आला नाही. आला असेल तर मी त्याला बाहेर बसवलं.

दुकान चाललं. कॉलेजातल्या पाच जणांचा एक संघ रोज दुपारी यायचा. ते एक बंदुकीचा गेम इंटरनेटवर खेळायचे आणि हरले की माझ्या माऊसला दोष द्यायचे. सकाळी धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका यायचे. आयुष्यभर त्यांनी रसायनाच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह फिरवले, गाडी कधी चालवली नाही, लायसन्ससुद्धा नाही. माझ्याकडे ते बस चालवायचे, गेममधली. वळण आलं की जीभ दातांत धरायचे. मी काही विचारलं तर म्हणायचे, "थांब गो बाय, मागे चाळीस पॅसेंजर हायत." शिवाय शाळा सुटल्यावर येणारे, सुट्टीत मुंबईहून आलेले, आणि फक्त पंख्याखाली बसायला येणारे.

मग एके दिवशी पडद्यावर निळी सूचना आली. तुमच्या सिस्टीमची मदत आता थांबत आहे. नव्या सिस्टीमवर या. मी 'या' वर बोट ठेवलं, आणि मशीनने स्वतःची तपासणी करून निकाल दिला: हा संगणक पात्र नाही.

कारण काय, तर त्यात सुरक्षेची एक विशिष्ट चिप नाही. आकाराने नखाएवढी. म्हणजे मशीन चालतं, गेम चालतो, काका घाट चढतात, सगळं डोळ्यांसमोर आहे. फक्त दाखला नाही. मी खुर्चीत बसले आणि मला तहसील कचेरीची रांग आठवली, तिथला कुरकुरणारा पंखासुद्धा आठवला.

पेणमधून एका कॉम्प्युटर विक्रेत्याला बोलावलं. त्याने नऊ मशीनांवरून नजर फिरवली, हात कशालाही लावला नाही.

"मॅडम, हे सगळं भंगार."

"चालतायत की."

"चालतायत. पण पात्र नाहीत."

"मग नवी सिस्टीम आडवाटेने टाकता येत नाही?"

"टाकता येते. पण मोठे गेम आता आत शिरून बघतात, चिप आहे की नाही. चोरी पकडायला म्हणे. गेमचं भविष्य असंच आहे, मॅडम. तुम्ही भविष्याबरोबर चला."

भविष्याबरोबर चालायचं म्हणजे त्याच्या दुकानापर्यंत चालायचं, एवढं मला कळलं. गेमच्या भविष्यावर मी बरंच वाचलेलं होतं. डोळ्यांना लावायचे चष्मे, ढगात साठवलेले गेम, माणसासारखी बोलणारी पात्रं. प्रत्यक्षात भविष्य आलं ते 'पुढे चला' आणि 'नंतर आठवण करा' अशा दोन बटणांच्या रूपात. 'नको' हे बटण देणं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

आठवड्याभरात पाच जणांच्या गेमनेही सूर बदलला. त्यांची कप्तान एक बारकुडी मुलगी होती, बोलायला तिखट. ती येऊन उभी राहिली.

"ताई, गेम बोलतो चिप दाखवा."

"मग दाखव की."

"ताई, मस्करी नको. पेणमध्ये नवीन मशीनचं दुकान निघालंय."

तेवढ्यात घरून दुसरी बातमी. वडिलांच्या ठेकेदाराने गेटवर गाड्यांची कॉम्प्युटर एन्ट्री करायला माणूस हवा म्हणून माझं नाव घेतलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे काय, गाडीचा नंबर टाकायचा आणि एन्टर दाबायचं. वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो बोललाय. तुझा दुकान चालत असेल तर मी नाय सांगतो. बंद पडणार असेल तर गपचूप हेल्मेट घाल." ते रागावून बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. माझ्या पदवीचा निकाल दिवाळीला लागणार होता, आणि या वेळी पेपर माझ्या नऊ मशीनांनी द्यायचा होता.

मग मी जे केलं ते खारेपाटातल्या माणसालाच सुचेल. बाहेरून काही येऊच नये म्हणून मी सरळ बांध घातला. इंटरनेटची वायर काढली. सूचना बंद, अपडेट बंद, निळा पडदा बंद. दोन दिवस मी मिशा नसताना मिशांवर ताव दिला.

तिसऱ्या दिवशी काकांची बस सुरू होईना. गेम म्हणाला, आधी ओळख पटवा. ओळख इंटरनेटवर पटते. चौथ्या दिवशी दुसरा गेम, मग तिसरा. विकत घेतलेले गेम, माझ्या मशीनमध्ये बसलेले, आणि दारातून आत जायला परवानगी मागायची ती बाहेरच्याला. आठवडा संपला तेव्हा नऊ मशीनांवर एकच गेम बिनबोभाट चालत होता: पत्त्यांचा.

काका म्हणाले, "चाळीस पॅसेंजर स्टँडवर उभे हायत माझे."

त्याच सुमारास वडील साप्ताहिक सुट्टीला रोह्याला आले. आईने पापड पाठवले होते मावशीला. दुकानात आले, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, बसले. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही. मोबाइलवर फोन आला तर ते आधी उभे राहतात. मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं: पाणी आत येत होतं, मी बांध घातला, आता आतलंच सडतंय.

"उघाडी कुठं ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला ते मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडतं.

"उघाडी नाही ठेवली."

"मग कुजणारच. नुसता बांध घालून कुणी शेती केली हाय काय? अन् आता दार कुणाच्या हातात हाय?"

"ज्यांची सिस्टीम त्यांच्या."

"मग दारच दुसरा बसव."

एवढं बोलून ते पापड देऊन यायला मावशीकडे आत गेले. माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टीम या विषयाला पूर्ण एक पेपर होता. त्यात मला चांगले गुण होते.

दुसरं दार होतं. लिनक्स नावाची मोफत सिस्टीम मी कॉलेजच्या लॅबमध्ये वापरली होती. जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली, चिप मागत नाही, जुन्या मशीनला नाक मुरडत नाही. अलीकडे तिच्यात दुभाष्यासारखी एक सोय आली आहे. दुसऱ्या सिस्टीमसाठी लिहिलेला गेम तिच्यावर बसवला की हा दुभाषा गेमला सांगतो, घर तुझंच आहे, बस. बरेचसे गेम विश्वास ठेवतात. अडचण एवढीच होती की कोणता ठेवतो आणि कोणता नाही, हे एकेक लावून पाहावं लागतं. नऊ मशीनं, पन्नासेक गेम आणि मी एकटी. दिवाळी पंधरा दिवसांवर.

वडिलांना निघताना हे सांगितलं. ते चप्पल घालत म्हणाले, "एकटीनं कशाला? खेळतात किती जण? जोळ लाव."

मी दुकानाच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी सकाळी नऊला जोळ आहे, जो इथे खेळतो त्याने यायचं, जो येणार नाही त्याचं नाव महिनाभर दारावर लागेल.

पहिलं उत्तर आलं: "ताई, जोळ कुठला गेम हाय? डाउनलोड होत नाय."

रविवारी चौदा जण आले. पंख्याखाली बसायला येणारेसुद्धा आले, कारण नाव दारावर लागलं तर बसायचं कुठे. वडील सकाळच्या गाडीने परत आले होते. ते दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि कोणी न नेमता मुकादम झाले. मी इंटरनेटची वायर परत जोडली, प्रत्येक मशीनपाशी एकाला बसवलं, पेनड्राइव्ह दिला, पायऱ्या फळ्यावर लिहिल्या. आपला गेम आपण लावायचा, चालला की वहीत 'चालला', अडला तर कुठे अडला ते.

"तुझा झाला काय?" वडील विचारायचे.

"झाला."

"मग बसलास काय? बाजूच्याचा नाय झाला अजून."

कप्तान मुलगी मान वर न करता म्हणाली, "तुमचे बाबा आमच्या एचओडीपेक्षा डेंजर आहेत."

साडेअकराच्या सुमारास काकांची किंकाळी. पायरी चार सोडून ते पाचवर गेले होते आणि त्यांचे सगळे जतन केलेले रस्ते पुसले गेले. "माझा डेपो गेला! सहा महिने घाट बांधला होता गो!" मग पंख्याखालचा एक जण म्हणाला, "काका, पॅसेंजर तरी उतरवले होते ना आधी?" काका आधी हसले नाहीत. मग हसले. बस मात्र नव्या सिस्टीमवर चालली. हॉर्न थोडा फाटका येत होता. काकांचं म्हणणं, खऱ्या एसटीचा असाच येतो.

दुपारपर्यंत वही भरली. बहुतेक गेम चालले. काही अडखळले, त्यांना पुढच्या आठवडाभरात सरळ केलं. आणि पाच जणांचा तो बंदुकीचा गेम चालला नाही. तो दुभाष्याला ओळखतो आणि दारातूनच परत पाठवतो. मी सगळं करून पाहिलं. कप्तानने तर माझ्याहून जास्त केलं. शेवटी तिने वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चालत नाही. चालणार नाही.'

हे मी लपवणार नाही. त्या पाचांतले दोघे पेणला गेले, नव्या मशीनवर. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्याला तोच गेम हवा त्याने तिथेच जावं. पण कप्तान आणि दोघे थांबले. कप्तानने दहाएक वर्षांपूर्वीचा एक गेम शोधून काढला, ज्याला इंटरनेट लागत नाही, दाखला लागत नाही. खोलीतली मशीनं एकमेकांना वायरने जोडली की झालं. समोरासमोर बसून खेळायचं. हरलेल्याचं तोंड दिसतं, ही सोय नव्या गेममध्ये नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिने पेण विरुद्ध रोहा असा सामना ठेवला. पेणकर मेमूने आले, त्यांत आमचे गेलेले दोघेही होते, आता परक्या बाजूने. आत येताना त्यांतला एक मशीनांकडे बघून म्हणाला, "अजून याच डब्यांवर?" कप्तान म्हणाली, "बस. डबा तुला ओळखतो." चार विरुद्ध चार, आमच्यात चौथा पंख्याखालचा; नववं मशीन काकांनी सोडायला नकार दिला. खोलीत माणसं मावेनात, मावशीने खिडकी उघडून दिली आणि रस्त्यावरून लोक बघत राहिले. पेण जिंकलं. रोहेकरांनी या वेळीसुद्धा माऊसला दोष दिला.

आई खास बघायला आली होती. अर्धा तास दाराशी उभी राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "एवढी माणसा येतात? मग पापड ठेव की विकायला."

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत वडील माझ्या शेजारी बसले होते. गाडी नागोठण्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि ठेकेदाराला लावला. बोलताना ते सवयीने उभे राहिले, वरची कडी धरली. "साहेब, ती नाय येणार. नाय, नाय, पगाराचा प्रश्न नाय. तिचा दुकान चालू हाय." पलीकडून काय बोलले मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते खाली बसले आणि बाहेर बघू लागले.

मी गेटवर एन्ट्री करायला गेले नाही. दुकान चालू आहे. नऊपैकी नऊ मशीनं चालतात आणि त्यांवरची सिस्टीम मी स्वतः, चौदा जणांच्या हातांनी, बदलली आहे.